आधी कर्सर बघा, मग बटण दाबा: कॉम्प्युटर पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी, स्क्रीनपासून टायपिंगपर्यंत

पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस काय करतो ते मी खूप वेळा जवळून बघितलंय. तो स्क्रीनकडे बघतच नाही. मान खाली, डोळे कीबोर्डवर, एका बोटाने अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं, आणि पाच मिनिटांनी वर बघावं तर काहीच उमटलेलं नाही, किंवा भलतीकडेच उमटलंय. मग लगेच मनात येतं की हे आपल्याला जमणार नाही. जमतं हो. सत्तरीतल्या माणसांना जमलेलं मी बघितलंय. फक्त एक सवय सुरुवातीलाच लावून घ्यायची, काहीही दाबायच्या आधी स्क्रीनवर बघायचं की आपण आत्ता नेमके कुठे आहोत.

मी विंडोज १० आणि ११ धरून लिहितेय कारण शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे तेच असतं. दुसरी सिस्टीम असेल तर बटणांच्या जागा बदलतील, बाकी गोष्टी त्याच.

स्क्रीनवर काय काय असतं

पॉवरचं बटण दाबलं, पासवर्ड किंवा पिन टाकला की जे चित्रासारखं मोकळं पान दिसतं ते डेस्कटॉप. आपल्या कामाच्या टेबलासारखं समजा. त्याच्यावरची छोटी छोटी चित्रं म्हणजे आयकॉन. खाली एक आडवी पट्टी असते, ती टास्कबार, आणि नवीन माणसाने सगळ्यात जास्त मैत्री करायची ती ह्या पट्टीशी. तिच्यावर स्टार्टचं बटण असतं, चार चौकोनांचं चिन्ह. हे बटण विंडोज ९५ बरोबर १९९५ साली आलं आणि कितीतरी वर्षं डाव्या कोपऱ्यातच असायचं, विंडोज ११ मध्ये ते मधोमध आणलंय, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर शिकून नव्यावर बसलेली माणसं आधी डावा कोपरा शोधत बसतात. स्टार्ट दाबलं आणि लगेच प्रोग्रामचं नाव टाईप करायला लागलं की तो प्रोग्राम समोर येतो, कुठे क्लिक करत शोधायची गरज नाही. टास्कबारच्या उजव्या टोकाला वेळ, तारीख, आवाज, इंटरनेट आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी. एकापेक्षा जास्त भाषांचे कीबोर्ड घातलेले असतील तर चालू भाषेचं छोटं नावही तिथेच दिसतं, ते लक्षात ठेवा, शेवटी मराठी टायपिंगला लागणार आहे.

प्रोग्राम उघडला की तो एका चौकटीत उघडतो, तीच विंडो. तिच्या वर उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडवी रेघ म्हणजे मिनिमाईज, चौकोन म्हणजे विंडो मोठी किंवा लहान करायची, फुली म्हणजे बंद. ह्यातल्या मिनिमाईजने फार घोळ होतो. रेघ दाबली की विंडो गायब होते, माणसाला वाटतं काम गेलं, तो परत तोच प्रोग्राम उघडतो, परत गायब करतो, आणि संध्याकाळपर्यंत तोच प्रोग्राम सहा वेळा उघडलेला असतो. विंडो कुठेही गेलेली नसते, खाली टास्कबारवर बसलेली असते. ज्या आयकॉनखाली बारीक रेघ दिसते तो प्रोग्राम चालू आहे, त्याच्यावर एक क्लिक केलं की होती तशी परत वर येते. आज दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण विंडो दहा वेळा खाली पाठवा आणि दहा वेळा वर आणा. "गेलं का सगळं" ही भीती त्याने जाते.

माऊस

माऊस हातात घट्ट धरायचा नाही. तळहात अलगद वर, तर्जनी डाव्या बटणावर, मधलं बोट उजव्या बटणावर, मनगट टेबलाला टेकलेलं. हलवताना टेबल संपलं तर माऊस उचलून परत मधे ठेवायचा, उचलल्यावर बाण जागचा हलत नाही.

डावं बटण एकदा म्हणजे क्लिक, पटकन दोनदा म्हणजे डबल क्लिक, उजवं एकदा म्हणजे राईट क्लिक, त्याने त्या वस्तूचं काय काय करता येईल त्याची यादी उघडते. डावं बटण दाबून धरून सरकवणं म्हणजे ड्रॅग. मधलं चाक फिरवलं की पान वर खाली होतं. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटं एकत्र सरकवली की पान हलतं, दोन बोटांनी टकटक केलं की राईट क्लिक होतं.

कुठे एकदा आणि कुठे दोनदा हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि फोल्डरमधल्या फाईली ह्यांना दोनदा, बाकी जवळपास सगळीकडे, म्हणजे टास्कबार, स्टार्ट, बटणं, इंटरनेटवरच्या लिंका, एकदाच. बटणावर उगाच दोनदा क्लिक केलं तर एखादा फॉर्म दोनदा जाऊ शकतो, म्हणून ही सवय नीट लावा.

आता डबल क्लिक का होत नाही ते सांगते, कारण मी एका मावशींच्या शेजारी बसून हे अगदी बोटाकडे बघत बघितलंय. त्या पहिलं क्लिक बरोबर करायच्या. दुसऱ्या क्लिकला जोर लावायच्या, आणि जोर लावताना हाताबरोबर माऊस केसभर पुढे सरकायचा. तेवढ्याने कॉम्प्युटरला ते डबल क्लिक वाटायचंच नाही, त्याला वाटायचं ह्यांना आयकॉन उचलून हलवायचाय. त्यांचे सगळे आयकॉन असे स्क्रीनभर विखुरलेले होते. उपाय सोपा आहे, मनगट टेकवा, फक्त बोट हलवा, हात नाही. आणि तरीही जमत नसेल तर आयकॉनवर एकदा क्लिक करा आणि कीबोर्डवरचं एंटर दाबा. उघडतो. मावशी अजूनही तसंच करतात आणि त्यात काही चूक नाही. सेटिंग्जमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, बाण मोठा आणि रंगीत करता येतो, डाव्या हाताने काम करणाऱ्यांना बटणांची अदलाबदलही करता येते, ते करून घ्यायला लाजू नका.

बाण वेगळा, कर्सर वेगळा

सगळ्या लेखातलं हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळे इथे थोडं थांबा.

माऊसबरोबर फिरतो तो बाण, म्हणजे पॉइंटर. कर्सर म्हणजे लिहायच्या जागी लुकलुकणारी उभी बारीक रेघ. टाईप केलेलं अक्षर कायम कर्सरपाशी पडतं, बाणापाशी कधीच नाही. नवीन माणूस बाण नेऊन एखाद्या शब्दावर ठेवतो आणि टाईप करायला लागतो, आणि अक्षरं तिसऱ्याच ओळीत उमटतात, कारण कर्सर अजून तिथेच होता. बाण न्यायचा, तिथे एक क्लिक करायचं, कर्सर तिथे लुकलुकायला लागला की नाही ते डोळ्याने बघायचं, मगच बोट कीबोर्डवर.

लिहायच्या जागेवर गेल्यावर बाणाचा आकारही बदलतो, इंग्रजीतल्या कॅपिटल आय सारखी उभी खूण होते. म्हणजे इथे लिहिता येईल. लिंकवर गेलं की बोट दाखवणारा हात होतो, म्हणजे इथे क्लिक करता येईल. गोल फिरायला लागलं म्हणजे कॉम्प्युटर कामात आहे, तेव्हा परत परत क्लिक करू नका, थांबा. आणि कुठेच कर्सर लुकलुकत नसेल तर तुम्ही कितीही टाईप करा, मजकूर कुठेच जात नाही.

कीबोर्ड

एवढी बटणं बघून घाबरायला होतं पण सुरुवातीला लागणारी दहा बारा आहेत. स्पेसबार, सगळ्यात लांब बटण, दोन शब्दांत जागा सोडायला, एकदाच दाबायचा. एंटर नवीन परिच्छेदासाठी. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारू नका, ओळ भरली की मजकूर आपोआप खाली जातो, नाहीतर नंतर मधे एक शब्द घातला तरी सगळ्या ओळी वेड्यावाकड्या होतात. बॅकस्पेस कर्सरच्या डावीकडचं खोडतं, डिलीट उजवीकडचं. चार बाणांची बटणं कर्सर हलवतात, होम ओळीच्या सुरुवातीला नेतं, एंड शेवटाला. एस्केप म्हणजे "नको, राहू दे", नको असलेली यादी उघडली तर बऱ्याचदा त्याने बंद होते.

शिफ्ट दाबून धरून अक्षर दाबलं की कॅपिटल येतं, आणि ज्या बटणावर दोन खुणा आहेत त्यातली वरची येते. कॅप्स लॉक एकदा दाबलं की चालूच राहतं, परत दाबेपर्यंत. पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाचं मी पहिल्यांदा कॅप्स लॉकच बघते. आकड्यांचा पासवर्ड असेल आणि उजवीकडची आकड्यांची बटणं चालत नसतील तर नम लॉक बंद असतो.

दोन बटणं एकत्र दाबायची म्हटलं की लोक दोन्ही एकाच क्षणी दाबायला जातात आणि फसतात. तसं नाही. आधी कंट्रोल (बटणावर Ctrl लिहिलेलं असतं) दाबून धरून ठेवा, निवांत धरा, मग दुसऱ्या हाताने दुसरं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा, मग कंट्रोल सोडा. अक्षराचं बटण दाबून धरलं तर कककककक असं होतं, म्हणून अक्षरांना कायम टिचकीच.

कंट्रोल आणि झेड

एक प्रसंग सांगते. त्याच मावशी वर्ड ह्या लिहायच्या प्रोग्राममध्ये अर्धा तास बसून एक पत्र टाईप करत होत्या, पान भरत आलं होतं. मधे कधीतरी चुकून कंट्रोल आणि ए दाबलं गेलं, त्याने सगळा मजकूर सिलेक्ट होतो, म्हणजे मजकुरामागे रंग येतो. त्या खालीच बघत होत्या. पुढचं अक्षर दाबलं, क, आणि वर बघितलं तर पांढऱ्या पानावर एकटा क. चेहरा उतरला त्यांचा. मी म्हटलं कशालाही हात लावू नका, कंट्रोल धरा, झेड दाबा. पहिल्यांदा क गेला असेल नसेल तोवर सगळं पत्र जागच्या जागी. सिलेक्ट केलेल्या मजकुरावर काहीही टाईप केलं की तो जाऊन नवीन येतो, हे एवढं माहीत नसल्यामुळे झालं होतं. आणि नजर स्क्रीनवर असती तर तो रंग आधीच दिसला असता.

कंट्रोल झेड म्हणजे शेवटची कृती उलटी करा. परत परत दाबलं की एकेक पायरी मागे. जास्त मागे गेलात तर कंट्रोल वाय. बाकी रोजची तीन, कंट्रोल सी कॉपी, कंट्रोल एक्स उचलून काढायचं, कंट्रोल व्ही चिकटवायचं, आणि ती तिन्ही झेडच्या शेजारी ओळीत आहेत, झेड एक्स सी व्ही. कॉपी करायच्या आधी मजकूर सिलेक्ट हवा, आणि चिकटवायच्या आधी कर्सर बरोबर जागी हवा, परत तेच.

सेव्ह करणं

सेव्ह केल्याशिवाय काम आपलं झालं असं समजू नका. कंट्रोल आणि एस. पहिल्यांदा दाबल्यावर दोन गोष्टी विचारतो, नाव काय आणि कुठे ठेवू. घाईत लोक एंटर मारतात आणि मग फाईल सापडत नाही. सुरुवातीला सगळं डॉक्युमेंट्समध्येच ठेवा आणि नाव असं द्या की सहा महिन्यांनी वाचून कळेल. नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह चालत नाही, म्हणून तारीख घालायची तर मधे छोटी आडवी रेघ घाला. त्यानंतर दर थोड्या वेळाने नुसतं कंट्रोल एस, काही विचारत नाही. बंद करताना सेव्ह करायचं का असं विचारलं तर ते वाचा. सेव्ह, सेव्ह करू नका, आणि कॅन्सल म्हणजे बंदच करू नका, परत कामावर जा. काही कळेना झालं तर कॅन्सल. विंडोज ११ चा नवीन नोटपॅड न विचारता बंद होतो आणि परत उघडल्यावर मजकूर तसाच दाखवतो, पण म्हणून ती फाईल सेव्ह झाली असं नाही.

डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून राईट क्लिक करून परत आणता येते. पेनड्राईव्हवरून डिलीट केलेली मात्र तिथे जात नाही, आणि शिफ्ट धरून डिलीट केलेलीही नाही, ह्या दोन ठिकाणी सांभाळून.

टायपिंग, आधी इंग्रजी

एका बोटाने टाईप करणाऱ्याला नजर खाली ठेवावीच लागते, म्हणूनच दहा बोटांनी शिकायचं, वेगासाठी नंतर.

क्वर्टी नावाची ही मांडणी १८७० च्या दशकातल्या शोल्सच्या टाईपरायटरवरून आलीय, १८७४ पासून ते मशीन रेमिंग्टनने विकलं आणि बटणांचा क्रम जवळपास तसाच राहिला. तो ए बी सी डी असा नाही म्हणून सुरुवातीला चिडचिड होते, पण क्रम पाठ करायचा नाही, बोटांना शिकवायचाय.

डोळे मिटा आणि दोन्ही तर्जनी मधल्या ओळीवर फिरवा. एफ आणि जे ह्या दोन बटणांवर बारीक उंचवटा लागेल. तो ह्याच्यासाठीच आहे, न बघता हात जागेवर यावा म्हणून. डावी तर्जनी एफ वर, मग करंगळीपर्यंत डी, एस, ए. उजवी तर्जनी जे वर, मग के, एल आणि सेमीकोलन. अंगठे स्पेसबारवर. हे घर. कोणतंही बोट वर खाली गेलं तरी काम करून घरी परत यायचं. टी, जी, बी डाव्या तर्जनीकडे, वाय, एच, एन उजव्या तर्जनीकडे. शिफ्ट कायम दुसऱ्या हाताच्या करंगळीने, म्हणजे कॅपिटल ए हवा तर उजवी शिफ्ट.

रोज पंधरा वीस मिनिटं पुरे, एका दिवशी दोन तास बसण्यापेक्षा हे चांगलं. पहिले चार दिवस फक्त मधली ओळ. चुकलं तरी खाली बघायचं नाही, उंचवटा चाचपडायचा आणि परत. पहिल्या आठवड्यात एका बोटापेक्षाही हळू होतं आणि इथेच बरेच लोक सोडून देतात, कृपा करून सोडू नका. वेग मोजताना स्पेस धरून पाच टिचक्यांचा एक शब्द धरतात, पण पहिला महिना वेग बघूच नका.

मग मराठी

सेटिंग्ज, त्यात टाईम अँड लँग्वेज, त्यात भाषेचं पान, तिथे ॲड अ लँग्वेज आणि मराठी निवडायचं. एकदाच करावं लागतं. नंतर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण (चार चौकोनांच्या खुणेचं) धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, आणि टास्कबारच्या उजव्या टोकाला कोणती चालू आहे ते दिसतं. अक्षरं चुकीच्या भाषेत यायला लागली की तिथे बघा.

विंडोजमध्ये इंग्रजी उच्चाराने लिहायचा फोनेटिक कीबोर्डही मिळतो आणि ज्यांची बोटं इंग्रजीला सरावलीत ते तो वापरतात. पण अगदी नव्याने शिकत असाल तर मी इनस्क्रिप्टच सांगेन. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी प्रमाण केली आणि ती आपल्या वर्णमालेवर बसवलेली आहे, मराठीतला क ज्या बटणावर तोच गुजरातीतला आणि तेलुगूतला. रचना एकदा कळली की फारसं पाठ करावं लागत नाही, बघा.

मधल्या ओळीत उजव्या हाताखाली एच पासून प, र, क, त, च, ट. ह्यातला क घ्या, तो के च्याच बटणावर आहे. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की ख. त्याच्या वरच्या बटणावर ग, आणि शिफ्टबरोबर घ. झाला क, ख, ग, घ. तसंच त ला शिफ्ट दिला की थ, वर द, शिफ्टने ध. च, छ, ज, झ तसेच, ट, ठ, ड, ढ तसेच, प, फ, ब, भ तसेच. वर्णमाला येत असेल तर अर्धा कीबोर्ड तुम्हाला आलाच. डाव्या हाताखाली स्वरांची चिन्हं, साधं दाबलं की काना मात्रा वेलांटी, शिफ्ट धरून दाबलं की तोच स्वर पूर्ण. इंग्रजी ई (E) च्या बटणावर काना, शिफ्टने आ. एफ वर पहिली वेलांटी, शिफ्टने इ.

दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, पहिली वेलांटी कागदावर आपण अक्षराच्या आधी काढतो पण इथे उच्चाराप्रमाणे नंतर दाबायची. किती लिहायचं तर क, वेलांटी, त, दुसरी वेलांटी. दुसरं, जोडाक्षर. डी वर हलन्त आहे, पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर दाबायचं. शब्द म्हणजे श, ब, हलन्त, द. हलन्त दाबल्यावर ब खाली पाय मोडलेला दिसतो, घाबरून बॅकस्पेस करू नका, द आला की तो आपोआप जोडला जातो. आणि दुसऱ्या, ऱ्हास असल्या शब्दांतला र हवा असेल तर शिफ्ट धरून र चं बटण, म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. साधा र वापरलात तर रफार येतो, दुसर्‍याऐवजी दुसर्या असं काहीतरी दिसतं आणि वाचणारा अडखळतो, म्हणून तेवढं नीट करा.

कुठलं अक्षर कुठे ते बघायला कागद चिकटवायची गरज नाही, विंडोजचं बटण आणि कंट्रोल धरून ओ दाबलं की स्क्रीनवरच कीबोर्ड उघडतो आणि त्यावर मराठी अक्षरं दिसतात. म्हणजे इथेही नजर वरच राहते.

पहिल्या दिवशी फक्त मधल्या ओळीवर बसणारे शब्द टाईप करा, कर, तर, परत, पोट, चोर, रोप, पुरे. मग एक अख्खं वाक्य, "तेच परत परत कर". एकाही अक्षरासाठी वरच्या किंवा खालच्या ओळीत जावं लागत नाही. दहा वेळा लिहा, शेवटची तीन वेळा खाली न बघता, कर्सर पुढे पुढे सरकताना बघत.